गूळपाणी, हिरडा, राख आणि कमी कार्बनचं सिमेंट: आपल्या मराठवाड्यात यातलं काय चालेल?

तेरणाकाठ

निलंगा तालुक्यातल्या आमच्या गावी तरुण मंडळानं अभ्यासिका बांधायचं ठरवलंय. दोन खोल्या, पुढं ओटा, वर स्लॅब. गावात सिव्हिलचा डिप्लोमा केलेला मी एकटा, त्यामुळं नकाशापासून मालाच्या प्रमाणापर्यंत सगळं माझ्या गळ्यात आलंय. मंडळाची एकच अट, सिमेंट शक्य तितकं कमी वापरायचं. पैशासाठी नाही, पोरांनी स्पर्धा परीक्षेच्या पर्यावरणाच्या पुस्तकात वाचलंय म्हणून! जगभरात माणसामुळं हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंटचा, हे त्यांना तोंडपाठ आहे.

आता अडचण. गावच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरतोय. सिमेंटमध्ये गूळ, हिरडा, बेलफळाचा गर, उडदाचं पाणी घाला, पूर्वजांसारखं शेकडो वर्षं टिकणारं नैसर्गिक काँक्रीट तयार. आमचे अध्यक्ष गुळाची ढेप घेऊनच आले. मी थांबवलं खरं, पण का थांबवलं ते त्यांना पटेल असं सांगता आलं नाही.

दुसरीकडं वाचनात येतं की एलसी-३ नावाचं सिमेंट आलंय, भाजलेली चिकणमाती आणि चुनखडीची भुकटी घालून. त्यात निम्मंच क्लिंकर (चुनखडी आणि माती भट्टीत भाजून होणारे सिमेंटचे मूळ खडे) असतं. औष्णिक केंद्राची राख आणि पोलाद कारखान्यातलं टाकाऊ स्लॅग यांची सिमेंटंही आहेत. अशा सिमेंटांत वनस्पतींपासून काढलेली द्रव्यं घालून ती सुधारता येतात, असंही म्हणतात. हे व्हिडिओवाल्या गुळासारखंच आहे की यात खरंच काही आहे? जाणकारांनी सांगावं. गवंडीकाम केलेल्यांनी तर नक्की सांगावं.

सात_बारा

गूळ घाला. मुंग्या येतील, मुंग्यांच्या मागं पोरं येतील, अभ्यासिका भरेल.

चुनाघाणी

तेरणाकाठदादा, आमच्या घरात तीन पिढ्या गवंडीकाम हाय. नळदुर्ग, परंड्याकडल्या जुन्या कामाच्या डागडुजीला आज्जा जायचा, मी बी चुन्यात हात घातलाय. आधी एक सांगतो. गूळ, बेल, हिरडा ह्ये सगळं चुन्याचं हाय. सिमेटाचं न्हवं. व्हिडिओवाल्यानं दोन्ही एका घमेल्यात कालवलंय.

आमची रीत अशी. कळीचा चुना आणायचा, हौदात विरवायचा, पाण्याखाली मुरू द्यायचा. जितका मुरंल तितका लोण्यावानी मऊ. मग रेती नायतर विटाचा चुरा, म्हंजे सुरखी, घालून बैलाच्या घाणीत दळायचा. दळतानी गुळाचं पाणी आन् हिरड्याचा काढा. शेवटच्या हाताला, म्हंजे वरच्या गुळगुळीत गिलाव्याला, बेलफळाचा गर. उडदाचं पाणी गच्चीच्या कोब्याला जास्त, पाणी झिरपू नये म्हणून. मेथी बी घालायचे काही जण.

आन् ह्ये मापात असायचं. गूळ लै झाला की गिलावा हप्ता हप्ता वला राहतो, बोट लावलं की उमटतं. आज्जा पाण्याची चव घेऊन बघायचा. सिमेटात गूळ घातलेला मी एका साइटवर बघितलाय, मुकादमाची हौस. स्लॅब दुसऱ्या दिशी बी कच्चा. शेवटी फोडून काढला.

शिसपेन्सिल

चुनाघाणी काकांनी मुद्दा बरोबर पकडलाय. मी परभणीत रसायनशास्त्र शिकवते, बांधकामातली नाही, पण हा विषय मला आवडतो, म्हणून थोडं लांब लिहिते.

चुना आणि सिमेंट घट्ट होण्याच्या वाटाच वेगळ्या आहेत. विरवलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेऊन पुन्हा दगड बनतो. हे काम बाहेरून आत आणि फार सावकाश चालतं. साखर असली की चुना पाण्यात जास्त विरघळतो, कॅल्शियम आणि साखरेचं संयुग तयार होतं. हवा शोषायला जास्त कॅल्शियम हाताशी असतं आणि कॅल्साइटचे, म्हणजे त्या नव्या दगडाचे, स्फटिकही बारीक, दाट बनतात. उडदातली प्रथिनं फेस धरतात, म्हणजे मालात बारीक हवेचे बुडबुडे राहतात आणि तो थापीखाली मऊ चालतो. बेलाच्या गरातला डिंक पाणी धरून ठेवतो. चुन्याला घाई नसतेच, त्यामुळं साखरेनं थोडा उशीर केला तरी काही बिघडत नाही.

सिमेंटचं तसं नाही. ते पाण्याशी संयोग होऊन घट्ट होतं आणि ते काही तासांत सुरू व्हायला हवं. साखरेचे रेणू नेमके तिथंच जाऊन बसतात जिथं नवे स्फटिक जन्म घेणार असतात. जागा अडली की सिमेंट ताटकळत राहतं. आता प्रमाण बघा. सिमेंटच्या वजनाच्या ०.०५ टक्के साखर, म्हणजे ५० किलोच्या गोणीला फक्त २५ ग्रॅम, एवढ्यानं माल धरायला साधारण चार तास उशीर होतो. हे उपयोगाचंसुद्धा आहे, भर उन्हात लांबून काँक्रीट आणायचं असेल तेव्हा असाच उशीर हवा असतो. पण ०.२ ते १ टक्क्यावर गेलात, म्हणजे गोणीला १०० ग्रॅमपासून पुढं, की सिमेंट जवळजवळ धरतच नाही. अध्यक्षांच्या ढेपेतून निघालेला मूठभर गूळ एका गोणीला पुरून उरेल.

म्हणून अध्यक्षांना असं सांगा: गूळ वाईट नाही, पण सिमेंटमध्ये तो ग्रॅमच्या काट्यावर मोजायची वस्तू आहे. गुळात साखर किती, ओल किती, हे दर ढेपेला बदलतं. त्यामुळं साइटवर ते मोजणं शक्य नाही.

तेरणाकाठ

ताई, हे उद्याच मंडळात वाचून दाखवतो. पण मग एलसी-३ चं काय? त्यातही निम्मं क्लिंकर आहेच. म्हणजे तिथंही गूळ नको?

शिसपेन्सिल

गूळ नकोच. पण एलसी-३ चं दुखणं निराळं आहे आणि वनस्पतीजन्य द्रव्यांचा खरा विषय तिथूनच सुरू होतो.

साधारण घडण अशी: ५० टक्के क्लिंकर, ३० टक्के भाजलेली चिकणमाती, १५ टक्के चुनखडीची भुकटी, ५ टक्के जिप्सम. स्वित्झर्लंडमधली लोझानची संस्था, क्यूबातलं विद्यापीठ आणि आपल्याकडं दिल्ली व मद्रासच्या आयआयटी यांनी मिळून ते पुढं आणलं. भारतीय मानकही २०२३ मध्ये आलं, आयएस १८१८९. क्लिंकरला १४५० अंश लागतात, माती ७०० ते ८५० अंशांत भाजते. शिवाय क्लिंकर करताना चुनखडीतूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो, तो तर इंधन कोणतंही वापरा, सुटणारच. माती भाजताना फक्त पाणी सुटतं. म्हणून एकूण उत्सर्जन साध्या सिमेंटपेक्षा ३० ते ४० टक्क्यांनी कमी भरतं.

पण भाजलेल्या चिकणमातीचे कण पापुद्र्यासारखे असतात, त्यांचा पृष्ठभाग प्रचंड. ते पाणी पिऊन टाकतात. गवंड्याला माल कोरडा वाटतो, तो बादलीभर पाणी ओततो आणि वाचवलेल्या क्लिंकरचा फायदा तिथंच संपतो, कारण जास्त पाणी म्हणजे कमी ताकद आणि जास्त भेगा. म्हणून पाणी न वाढवता माल सैल करणारं द्रव्य लागतं. आज बाजारातलं सगळ्यात ताकदवान द्रव्य, पॉलीकार्बोक्झिलेट, पेट्रोलियमपासून बनतं.

वनस्पतीचा सगळ्यात जुना पर्याय म्हणजे लिग्नोसल्फोनेट. लाकडातला जो चिकट भाग कागद करताना टाकाऊ म्हणून निघतो, त्याचा. १९३० च्या दशकापासून काँक्रीटमध्ये आहे. पाणी ५ ते १० टक्के वाचवतो. पॉलीकार्बोक्झिलेट २० ते ३० टक्के वाचवतं, ही बरोबरी नाही. शिवाय लिग्नोसल्फोनेटमध्ये उरलेली साखर असते, म्हणून तोही माल उशिरा धरायला लावतो. पुन्हा गूळच आला बघा मागच्या दारानं.

दुसरं टॅनिन, म्हणजे कातडी कमावायला वापरतात ते तुरट द्रव्य. ते हिरडा आणि बाभळीच्या सालीत असतं. हिरड्याचं टॅनिन एका जातीचं, बाभळीचं दुसऱ्या, पण दोन्ही चिकणमातीच्या कणांना एकमेकांपासून लांब ढकलतात आणि घट्ट चिखल पातळ करतात. तेलविहिरी खोदताना खोदाईचा चिखल पातळ ठेवायला परदेशात टॅनिन वापरायचे. पश्चिम आफ्रिकेत नेरे नावाच्या झाडाच्या शेंगांचा काढा मातीच्या भिंतींवर मारतात, तेही टॅनिनच. चुनाघाणी काकांचा हिरडा याच नात्यातला. मात्र कच्च्या मातीत ते छान चालतं म्हणून सिमेंटच्या मालात डोळे झाकून घालू नका, टॅनिनही सिमेंटला अडवतं.

सात_बारा

म्हणजे लेदरवाल्यांचा हिरडा, गुऱ्हाळवाल्यांचा गूळ आणि पेपरवाल्यांचा कचरा. अभ्यासिकेचं नाव काय ठेवणार?

राखवाला_परळी

ताईंनी एलसी-३ सांगितलं, पण आपल्या दुकानात ती गोणी अजून तरी मला दिसलेली नाही. आणि मातीबद्दल लोकांचा गैरसमज होऊ नये म्हणून सांगतो. आपली काळी माती भाजून एलसी-३ होत नाही. त्याला केओलिन जातीची चिकणमाती लागते, निदान ४० टक्के केओलिनाइट हे खनिज असलेली. आपल्या काळ्या रानात माँटमोरिलोनाइट, फुगणारी. उन्हाळ्यात रानाला ज्या भेगा पडतात त्या याच्याच करामती. जांभ्याच्या पट्ट्यात, बीदरकडं, हिशेब वेगळा.

आपल्याकडं जे आहे ते म्हणजे राख. परळीच्या औष्णिक केंद्राची राख, राखेच्या विटा, राखेचं सिमेंट. दुकानात मिळणारं पीपीसी (पोर्टलंड पोझोलाना सिमेंट) हे राखेचंच, मानकाप्रमाणे त्यात १५ ते ३५ टक्के राख चालते. तेरणाकाठ, तुम्ही स्लॅबला पीपीसी घेतलं तरी कमी कार्बनचं सिमेंट वापरलंच म्हणायचं. कुणाला व्हिडिओ करायचा असेल तर गोणीवरचं नाव वाचून दाखवा.

दुसरी राख साखर कारखान्याची. लातूर, बीड, धाराशिव, कुठंही जा, उसाचं चिपाड बॉयलरमध्ये जळतं आणि राखेचे ढीग बाहेर. त्यात सिलिका भरपूर, चुन्याशी चांगली धरते. पण बॉयलरची राख तशीच उचलून घालाल तर फसाल. त्यात अर्धवट जळालेले काळे तंतू असतात. ते कार्बनचे तुकडे पाणी तर पितातच, वर महागडं द्रव्यही शोषून घेतात. तुम्ही लिग्नोसल्फोनेट घाला नाहीतर पॉलीकार्बोक्झिलेट, निम्मं त्या कोळशाच्या पोटात जाईल. म्हणून आधी चाळायची, जाड काळं बाजूला काढायचं, मग बारीक दळायची. हे केलं तर राख कामाची, नाहीतर खड्डा भरायला.

किल्लारी९३

सगळं वाचलं. मला एकच विचारायचंय. निलंगा, औसा, उमरगा, हा भाग कोणता ते विसरलात का? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा आमच्या घराच्या भिंती कशाच्या होत्या? दगड आणि चिखल. वर माळवद, दीड-दोन फूट मातीचं. दगड आतल्या अंगाला कोसळले, माती वरून आली. तेव्हापासून आमच्याकडं चुना, माती, नैसर्गिक, परंपरा असं काही ऐकलं की म्हातारी माणसं बाहेर उठून जातात. पोरांना पर्यावरणाची आवड आहे ती असू द्या, पण त्यांच्या डोक्यावर काय असणार ते आधी सांगा.

तेरणाकाठ

काका, तुमचं म्हणणं मनावर घेतलंय. म्हणूनच वर स्लॅब म्हटलं, माळवद नाही. भूकंपाच्या नकाशात आपला भाग पूर्वी पहिल्या झोनमध्ये होता, २००२ च्या आवृत्तीत तिसऱ्यात आला. जोत्यावर, खिडकीच्या खाली, लिंटलवर (दार-खिडकीच्या माथ्यावर) आणि स्लॅबच्या पातळीला सगळ्या भिंतींतून फिरणारा काँक्रीटचा पट्टा, कोपऱ्यांत उभ्या सळया, हे मी सोडणार नाही. चुना घातला तर फक्त आतला गिलावा आणि ओट्याच्या विटकामात, भार असलेल्या भिंतीत नाही.

चुनाघाणी

किल्लारीचे काका बरोबर बोलायलेत. पर एक सांगतो, रागवू नका. पडलेल्या भिंतीत चुना नव्हताच बगा. चिखल होता. आन् दोन्ही तोंडाचे दगड एकमेकाला बांधलेले नव्हते, मधी नुसता भराव. भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड टाकायला पैसा लागतो, गरीबानं कुठनं आणायचा. चुन्यानं भिंत भूकंपाला टिकती असं मी म्हणत नाही. चुना काय, अमृत घातलं तरी न बांधलेली दगडाची भिंत पडणारच. पर दोष मालाला लावायचा का बांधणीला, ह्येचा फरक केला पाहिजे.

किल्लारी९३

हा फरक मान्य. पट्टे बंद करू नका म्हणजे झालं.

अर्धापूरची_केळी

नमस्कार, मी नांदेड जिल्ह्यातली, केळी बागायतदार. घड काढल्यावर खांब शेतात पडून राहतो, वाळवून जाळलं तर पांढरी राख राहते. माझी आजी आघाड्याची राख पाण्यात भिजवून तो निवळ खार कपड्यांना वापरायची. परवा एका कार्यक्रमात ऐकलं की राखेच्या सिमेंटला खार लागतो, सोडा लागतो. मग केळीची राख चालेल का? आमच्याकडं ती फुकट आहे.

शिसपेन्सिल

ताई, प्रश्न फार छान आहे, कारण तो योग्य जागी बोट ठेवतो. क्लिंकर पूर्णपणे काढून टाकलेली जी सिमेंटं आहेत, ज्यांना जिओपॉलिमर म्हणतात, त्यात औष्णिक केंद्राची राख किंवा पोलाद कारखान्याचं स्लॅग असतं आणि त्याला जागं करायला तीव्र क्षार लागतो. आज कॉस्टिक सोडा आणि सोडियम सिलिकेट वापरतात. कार्बनचा हिशेब मांडला तर जिओपॉलिमरचं बरंचसं उत्सर्जन या दोन रसायनांचंच असतं, आणि हाताळायलाही ती धोक्याची. म्हणून वनस्पतीच्या राखेतला पोटॅश वापरायची कल्पना जगात कामाला लागलेली आहे. स्पेन वगैरे ऑलिव्हच्या देशांत त्या झाडाच्या राखेवर बरंच काम झालंय. केळीच्या खांबात पोटॅश भरपूर.

आता दोन अडचणी. राखेत पोटॅश मुख्यतः कार्बोनेटच्या रूपात असतो. तो कॉस्टिकपेक्षा सौम्य. नुसत्या औष्णिक राखेला तो पुरत नाही, स्लॅगला बऱ्यापैकी चालतो. त्यात विरवलेला चुना घातला तर थोडा कॉस्टिक पोटॅश तयार होतो, तुमच्या आजीच्या काळात साबणवाले हेच करत. दुसरी अडचण जास्त गंभीर: केळीच्या राखेत क्लोराइड असतं. क्लोराइड म्हणजे सळईला गंज. त्यामुळं फरशीचे ब्लॉक, ओट्याच्या कडेचे ठोकळे, जिथं लोखंड नाही, तिथंच हा प्रयोग करायचा. स्लॅबच्या आसपास केळीची राख दिसताच कामा नये.

जिओपॉलिमरबद्दल आणखी एक. आपण वर ज्या सैल करणाऱ्या द्रव्यांची चर्चा केली त्यातली बरीच या तीव्र क्षारात तुटून जातात, पॉलीकार्बोक्झिलेट तर आधी. म्हणजे एका सिमेंटचं औषध दुसऱ्याला लागू नाही. गूळ चुन्यात चालतो आणि सिमेंटात नाही, तशीच ही गोष्ट.

वेरूळपायथा

मी गाइडचं काम करतो, त्यामुळं हा मुद्दा माझ्या पोटापाण्याचा. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू आणि तुकडे सापडले, हे पुरातत्त्व खात्यातले रसायनतज्ज्ञ आणि इथल्या विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ यांनी मिळून दाखवलं. २०१६ मध्ये ते छापून आलं. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग नव्हती आणि तिथं किड्यांनी गिलावा बराच पोखरलाय, अशी त्यांनी तुलना केली. पर्यटक हे ऐकून हसतात, लेण्यांना नशा चढली म्हणतात. पण मला वाटतं तंतूंचा विषय इथं कुणी काढलाच नाही. बांधावरचं घायपात, ताग, अंबाडीच्या काड्या, हे आपल्याकडं आहेच की.

शिसपेन्सिल

वेरूळदादा, बरं आठवलंत. साध्या सिमेंटमध्ये झाडाचा तंतू टिकत नाही. आत इतका क्षार आणि मोकळा चुना असतो की तंतू काही वर्षांत ठिसूळ होतो. पण भाजलेली माती किंवा राख घातली की ती मोकळा चुना खाऊन टाकते. ब्राझीलमधल्या संशोधकांनी भाजलेल्या केओलिनच्या मालात घायपाताच्या जातीचे तंतू घालून पाहिले, साध्या सिमेंटपेक्षा ते कितीतरी जास्त टिकले. म्हणजे क्लिंकर कमी केल्यानं आपल्या बांधावरच्या तंतूला जागा मिळते. पातळ पत्रे, कौलं, खिडकीवरची छज्जी अशा ठिकाणी याचा उपयोग.

पण याचीच दुसरी बाजूही सांगते. मोकळा चुना कमी म्हणजे सळईचं गंजापासूनचं कवचही जरा पातळ. म्हणून अशा सिमेंटच्या स्लॅबला सळईवरचं काँक्रीटचं कव्हर कमी करून अजिबात चालत नाही. आपल्याकडं गवंडी कव्हर ब्लॉकऐवजी खडीचा तुकडा ठेवतात, तो प्रकार बंद.

राखवाला_परळी

एवढं सगळं झालं पण पाण्याचं कुणी बोललं नाही. मराठवाड्यात बांधकाम म्हणजे पाणी आधी. २०१५ मध्ये पाण्यावाचून परळीचं केंद्रच बंद पडलं होतं. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. राखेचं सिमेंट सावकाश धरतं, त्याला पाणी जास्त दिवस मारावं लागतं. निलंग्यात एप्रिलमध्ये हे कोण करणार? टँकर बोलवून स्लॅब भिजवला तर कार्बन वाचवल्याचं सोंग कशाला? माझ्या मते वनस्पतींचं खरं काम इथं आहे, पाणी धरून ठेवणं.

शिसपेन्सिल

याला पूर्ण दुजोरा. टाइल चिकटवायच्या पावडरीत आणि भिंतीच्या पुट्टीत जे पाणी धरणारं द्रव्य असतं ते सेल्युलोजचं असतं, लाकडाच्या लगद्याचं किंवा सरकीवर राहणाऱ्या आखूड कापसाचं. म्हणजे आपलं पांढरं सोनं रसायन होऊन गोणीतून परत आपल्याच गावात येतं. गवारीचा डिंकही तसाच, पण ती गवार राजस्थानची, भाजीच्या गवारीतून काढायला जाऊ नका. मेक्सिकोत चुन्यात निवडुंगाचा चिकट रस घालतात. फड्या निवडुंगाचे तुकडे पाण्यात भिजवले की जो बुळबुळीत रस निघतो, तो. गिलाव्यातलं पाणी वीट लगेच शोषून घेत नाही, भेगा कमी पडतात. परभणीच्या ४४ अंशांत गिलावा करणाऱ्याला याची किंमत कळेल.

कापसाच्या पऱ्हाटीचाही इथं उपयोग आहे. जाळून धूर करण्याऐवजी बंद भट्टीत कमी हवेवर तिचा कोळसा केला आणि बारीक दळून सिमेंटच्या एक-दोन टक्के घातला, तर त्याची छिद्रं पाणी साठवतात आणि आतून हळूहळू देतात. जास्त घातला तर ताकद उतरते. आणि कोळशातला कार्बन भिंतीत अडकून राहतो, तो हवेत जात नाही, हा वरचा फायदा.

सात_बारा

ताई, वर राखवाले म्हणाले कोळसा द्रव्य पितो, तुम्ही म्हणता कोळसा घाला. नक्की काय?

शिसपेन्सिल

दोन्ही खरं. कोळसा पाणी पितो, ते आधी पाजून घालायचा. द्रव्य वापरणार असाल तर आधी कोळसा भिजवून घ्या, मग त्याला द्रव्य शोषायला कमी जागा राहते. राखेतला काळा कोळसा न मोजता येतो, हा मोजून घालतो, एवढाच फरक. सात-बारा, तुम्ही पहिल्यांदाच कामाचा प्रश्न विचारलात.

चुनाघाणी

निवडुंगाचं मला म्हाईत नव्हतं. पर डिंक बाभळीचा घालायचे आमच्यात पांढऱ्या रंगात, चुना हाताला लागू नये म्हणून. नातं तेच दिसायलंय.

तेरणाकाठ

सगळ्यांचे आभार. मंडळाच्या बैठकीत ठरलं ते लिहितो, चूक असेल तर अडवा. पाया, पट्टे, स्लॅब: पीपीसी, इंजिनिअरनं काढलेल्या प्रमाणानं, घरगुती काहीही नाही. बाजारात पाणी कमी करणारं मानकाप्रमाणं मिळणारं द्रव्य घेऊ, त्यावर लिग्नोसल्फोनेट लिहिलेलं मिळालं तर तेच. विटा राखेच्या, परळीकडून. आतला गिलावा चुना, सुरखी आणि चाळून दळलेली चिपाडाची राख, त्यात चुनाघाणी काका सांगतील तेवढंच गूळपाणी. एका खोलीत निवडुंगाचा रस घालून, एका खोलीत न घालता, म्हणजे भेगांचा फरक सगळ्या गावाला दिसेल. ओट्याच्या कडेला अर्धापूरच्या ताईंची राख, स्लॅग आणि चुना यांचे ठोकळे, लोखंडाशिवाय.

एक शंका उरली. या सगळ्या काढ्या-रसांनी कार्बन किती वाचणार? पोरं आकडा मागतात.

राखवाला_परळी

रसांनी काहीच नाही म्हटलं तरी चालेल. गोणीला काही ग्रॅम वस्तू, तिचा कार्बन कोण मोजतो. वाचतो तो क्लिंकर कमी केल्यानं. एक टन क्लिंकर म्हणजे पाऊण टनाहून जास्त कार्बन डायऑक्साइड. रस फक्त एवढं करतो की कमी क्लिंकरचा माल गवंड्याच्या हाताला नकोसा होत नाही आणि तो पाणी ओतत नाही. आणि चुना फुकटात येतो असं समजू नका. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली की ४४ किलो कार्बन डायऑक्साइड उडतो आणि ५६ किलो कळी उरते. भिंतीत तो हळूहळू बराचसा परत येतो, पण भट्टीत जाळलेलं लाकूड किंवा कोळसा परत येत नाही. पोरांना दोन रकाने आखायला सांगा, किती क्लिंकर, किती चुना. बाकी सगळं किरकोळ.

किल्लारी९३

ठोकळ्यांच्या आधी स्लॅबच्या काँक्रीटचे क्यूब टाकून घ्या. लातूरला इंजिनिअरिंग कॉलेजांच्या लॅबमध्ये दाबून ताकद मोजून देतात, सात आणि अठ्ठावीस दिवसांचे. आकडे इथं टाका, मी वाचणार आहे.

अर्धापूरची_केळी

राख किती पाठवू? पोत्यात भरून कोरडी ठेवलीय, पावसाआधी न्या.

तेरणाकाठ

ताई, दोन पोती पुरतील. आमचा एकजण हळद घेऊन वसमतच्या बाजारात येतो, त्याच्या टेम्पोत परतीला टाकतो. काका, क्यूबचे साचे कॉलेजकडून मिळतात का ते विचारतो. आणि चुनाघाणी काका, तुमचा फोन नको, पण गुळाचं माप लिटरला किती ग्रॅम ते इथंच लिहा, चव घेऊन आम्हाला कळणार नाही.

चुनाघाणी

मापानं कधी घातला नाही रं. काट्यावर तोलून बघतो आन् लिहितो.